बुडणारा माणूस पाहिजे

होय म्हणायला मला क्षणभरही वेळ लागला नाही. हातात डाळीच्या सूपचं पातेलं होतं, दोन्ही कडांना फडकं गुंडाळलेलं, आणि समोर ओलाचिंब, लालबुंद झालेला सार्जंट. तो म्हणाला, "पुढच्या शनिवारी आम्हाला एक बुडणारा माणूस पाहिजे. आमचा नेहमीचा गडी फ्लूने आडवा झालाय. येशील का?"

"येस सर," मी म्हणालो. वर हसलोही.

त्याने माझ्या खांद्यावर थाप मारली, "गुड मॅन," म्हणाला आणि सूपच्या रांगेत जाऊन उभा राहिला. मी पातेलं टेबलावर ठेवलं. ठेवताना थोडं सांडलं. मला पोहता येत नाही, हे अख्ख्या आयर्लंडमध्ये कुणालाही माहीत नव्हतं.

ही २०१७ च्या मार्चमधली गोष्ट. मी वॉटरफोर्डला एका इंडियन रेस्टॉरंटात तंदूरवर होतो. रेस्टॉरंट नदीकाठच्या रस्त्यावर, आणि रस्ता ओलांडला की बोट क्लबचा सिमेंटचा उतार थेट पाण्यात गेलेला. आपल्याकडचा घाट म्हणा, फक्त पायऱ्या नसलेला. त्या महिन्यात दर शनिवारी सकाळी तिथे सहा गार्ड यायचे. इथे पोलिसांना गार्ड म्हणतात. कुणी नदीत पडलं तर पुष्कळदा सगळ्यात आधी पोचतो तो गस्तीवरचा गार्डच, म्हणून त्यांना थंड पाण्यातून माणूस काढायचं शिकवत होते. शिकवणारा हा सार्जंट. आमच्या मालकांना आम्ही पाजी म्हणायचो. पाजींना पोलिसांशी गोडी ठेवायची सवय. ते म्हणाले, "बेचारे ठंड में भीग रहे हैं, थोड़ा सूप पहुँचा दे यार." म्हणून मी तिथे.

त्या दिवशी मी पातेलं घेऊन पोचलो तेव्हा एक गार्ड पाण्यात उताणा पडला होता. हात पसरलेले, हालचाल नाही. बाकीचे काठावर शांत उभे, सार्जंट मनगटावरच्या घड्याळाकडे बघतोय. मला वाटलं, मेला हा. आणि हे पंचनाम्यासाठी थांबलेत. मी ओरडणार तेवढ्यात सार्जंट म्हणाला, "वन मिनिट, ग्रँड," आणि तो मेलेला माणूस कुशीवर वळून पोहायला लागला.

नंतर सूप पिताना सार्जंटने मला समजावून सांगितलं. थंड पाण्यात पडल्यावर पहिलं एक मिनिट काही म्हणजे काही करायचं नाही. हातपाय मारले की धाप लागते, धापेत पाणी आत जातं, माणूस तिथेच संपतो. नुसतं तरंगायचं. श्वास जागेवर आला की मग पुढचं. मला ते ऐकूनच दम लागला. आणि त्यानंतर लगेच त्याने विचारलं, येशील का.

हा सार्जंट मला आधीपासून माहीत होता. डब्लिनबाहेर राहणाऱ्या आमच्यासारख्यांना दरवर्षी आपापल्या गावच्या पोलीस स्टेशनात जाऊन राहण्याचं कार्ड नवं करून घ्यावं लागायचं. पासपोर्टवर शिक्का, बोटांचे ठसे, मग कार्ड. २०१४ ला आलो तेव्हापासून त्या काचेच्या खिडकीमागे हाच माणूस बसलेला असायचा. तीन वर्षांत माझ्याशी तीन-चार वाक्यं बोलला असेल. त्या वर्षीची माझी वेळ मिळालेली होती: शनिवारी बुडायचं आणि मंगळवारी शिक्का.

आता मला सांगा, मी काय समजायचं?

इथल्या लोकांना मी हे कधी नीट सांगू शकलो नाही, म्हणून मराठीत लिहून ठेवतो. बावीस वर्षांचा असताना मी पुण्यात एका हॉटेलात भट्टीवर होतो. एक दिवस दुपारी हवालदार आला आणि दारातूनच म्हणाला, "दोन पंच पाहिजेत. तू आणि तू, चला." कशाला, कुठे, असं विचारायची पद्धत नसते. हॉटेलमालकही मान वर करत नाही. आम्हा दोघांना कालव्यावर नेलं. कालव्यातून काय काढलं ते मी लिहीत नाही. आम्ही बघितलं, लिहिलेल्या कागदावर सही केली, वाचून दाखवलं असं त्यात लिहिलं होतं. पुढे कितीतरी वर्षं कोर्टाच्या तारखा येत राहिल्या. माझ्याबरोबरचा पोऱ्या पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "साहेब, मला नाही जमणार, रक्तबिक्त बघवत नाही." हवालदार हसला आणि म्हणाला, "बरं. तुझं आधार-रेशन काय आहे ते बघू मग." आधार तेव्हा नव्हतं बहुतेक, रेशनच म्हणाला असेल. पण तो पोऱ्या माझ्याआधी जीपमध्ये जाऊन बसला.

तेव्हा पोलिसांना माणूस पाहिजे असतो म्हणजे काय, हे मला माहीत होतं. विचारल्यासारखं करतात, एवढंच.

शिवाय गावी मुलगी दहावीला होती. माझ्या घरात दहावीला बसलेलं पहिलं माणूस. ते कार्ड गेलं तर मी गेलो, आणि मी परत गेलो तर तीही कुठे भाकऱ्या थापायला जाईल, असं माझं गणित. बरोबर होतं की नाही ते सोडा. तीन वर्षं मी त्याच गणितावर झोपत होतो आणि उठत होतो.

तो आठवडा कसा गेला ते मला क्रमाने आठवत नाही. तुकडे आठवतात. सोमवारी मी कांद्याच्या घमेल्यात नळाचं पाणी आणि बर्फ घालून हात बुडवला आणि भिंतीवरचं घड्याळ बघत बसलो. वीस सेकंदांनी बोटं माझी राहिली नाहीत. भांडी घासणारा नेपाळी भाऊ म्हणाला, "दादा, ये कौन सी रेसिपी है?" मी म्हणालो, "कुल्फी."

बुधवारी बायकोचा फोन आला.

"आवं, आवाज असा का येतोय?"

"सर्दी झालीय."

"मग गार पान्यात हात नका घालू. तिथं लई थंडी आसतीय म्हनं."

"नाही घालत."

"आन् कार्डाचं काय झालं?"

"मंगळवारी."

"हुतंय बगा. भैरोबाला नारळ बोललीया मी."

तिला सांगावंसं वाटलं, भैरोबाला पोहायचं पण बोल.

पाण्याचं आणि माझं जुनं आहे. आमचं गाव कोयनेच्या धरणाच्या पाण्यापलीकडे. प्राथमिक शाळा गावात, पण पाचवीपासून पाणी ओलांडून जावं लागायचं, बोटीने. आठवीत असताना श्रावणात एका दुपारी वारा सुटला, पोरं एका बाजूला सरकली, बोट कलंडली आणि मी बाहेर. एकटाच मी. बाकी सगळे कडेला धरून राहिले. फार वेळ नसेल, बोटवाल्याने केसाला धरून वर ओढलं. कुणी मेलं नाही, बातमी झाली नाही, पोरांना तर आठ दिवस हसायला झालं. पण दुसऱ्या दिवशी मी बोटीपर्यंत गेलो आणि माझे पाय चिखलात रुतले ते निघेचनात. तिसऱ्या दिवशीही तसंच. वडिलांनी दोनदा बडवला, एकदा उचलून बोटीत टाकला, मी उडी मारून परत काठावर आलो. शेवटी ते म्हणाले, "मग जा पुन्याला, हाटेलात." लोक मला विचारतात, शाळा का सोडली, गरिबी होती का? होती. पण शाळा मी त्या पाण्यापायी सोडली. नापास झालेलो नव्हतो. हे मला सांगून ठेवायचं आहे.

गुरुवारी डॉक्टरबाई आल्या. त्या नागपूरच्या, इथल्या मोठ्या हॉस्पिटलात. ड्युटी संपली की आठवड्यातून एकदा माझ्याकडे यायच्या, मेनूत नसलेला झुणका न्यायला. मागच्या दाराशी उभं राहून आम्ही पाच मिनिटं मराठी बोलायचो. मी डब्याला रबर लावता लावता विचारलं, "डॉक्टरबाई, या नदीच्या पाण्यात माणूस पडला तर किती वेळ टिकतो?"

त्यांनी हातातला डबा खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, घरी सगळं बरं आहे नं? झोप लागते?"

मला आधी समजलंच नाही. मग समजलं आणि कानशिलं तापली. या नदीवरच्या पुलावरून उडी घेणाऱ्यांचं काय काय ऐकू यायचं ते सगळ्यांना माहीत होतं. "अहो नाही, नाही," मी म्हणालो, "तसलं काही नाही. पोलिसांनी बोलावलंय," आणि सगळं सांगितलं.

त्या ऐकत होत्या, आणि त्यांचे डोळे मोठे होत होते. "तुम्हाला पोहता येते?"

"नाही."

"मग नाही म्हणून सांगा नं त्यांना."

"पोलिसांना?"

"हो, पोलिसांना! भाऊ, ते विचारून राहिले तुम्हाला. बोलावून नाही राहिले."

"आणि मंगळवारचं?"

"मंगळवारचा काय संबंध?"

"तोच आहे ना खिडकीत. तोच माणूस."

त्या कपाळाला हात लावून थोडा वेळ भिंतीला टेकल्या. म्हणाल्या, मी फोन करते स्टेशनात. मी अक्षरशः हात जोडले. म्हणालो, बाई, तुम्ही फोन केलात तर मी तक्रार केली असं होईल. शेवटी त्या म्हणाल्या, "बरं. मग ऐका. पाण्यात गेल्या गेल्या तोंड उघडेल तुमचं. आपोआप. तेव्हा हात ठेवायचा तोंडावर, नाकावर. आणि मोजायचं. साठपर्यंत मोजा. साठ झाले की धाप ओसरते. थंडीनं माणूस इतक्या लवकर नाही मरत भाऊ, घाबरून मरतो." मग जाता जाता वळून म्हणाल्या, "हे मी डॉक्टर म्हणून सांगून राहिले. बहीण म्हणून सांगते, जाऊ नका."

मी गेलो.

शनिवारी ऊन होतं. इथलं मार्चचं ऊन म्हणजे भिंतीवर लावलेलं चित्र, ऊब नाही. सार्जंटने एक फॉर्म दिला. त्यातलं मला निम्मं वाचता आलं. एका ओळीत विचारलं होतं, पोहता येतं का, हो किंवा नाही. सार्जंट शेजारी उभा राहून दुसऱ्याशी काहीतरी हसत बोलत होता. मी 'हो'वर खूण केली. पेन इतकं दाबलं की कागद फाटला थोडा.

"गावी पोहायचास?" त्याने फॉर्म घेताना विचारलं.

"धरण होतं," मी म्हणालो. एवढं तरी खरं होतं.

गार्डांना अंग कोरडं ठेवणारे चांगले सूट होते. बुडणाऱ्यासाठी एकच होता, तो जुना काळा रबरी, कुणा धिप्पाड माणसाच्या मापाचा. वरून लाइफ जॅकेट. मला काढायचं काम होतं एका तरुण गार्ड मुलीकडे. तेवीस-चोवीसची असेल. तोंडावर मोहरीएवढे तपकिरी ठिपके, ओठ निळे पडलेले. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "हे बघ, एक सांगू? मी देशाच्या मधल्या भागातली. आमच्याकडे नदी नाही, तळं नाही, नुसती पीटची, जळणाच्या काळ्या मातीची माळरानं. मागच्या वेळी त्या बुडणाऱ्याने माझी मान धरली आणि मी खाली गेले. आज नापास झाले तर संपलं. दोरी टाकेन, ती धर. मान धरू नकोस, प्लीज."

"नाही धरणार," मी म्हणालो.

म्हणजे तिथे भ्यालेली माणसं दोन होती. पण तिला वाटत होतं एकच आहे.

उतारावरून चालत चालत पाण्यात शिरायचं, कमरेइतकं झालं की एक लहान मोटरबोट मला पट्ट्याला धरून पंधरा-वीस हात आत सोडणार, मग मी हात वर करून 'हेल्प' ओरडणार. घोट्यांपर्यंत काही वाटलं नाही. गुडघ्यांवर पाणी आलं तेव्हा हाडं दुखायला लागली, आतून. कमरेवर आलं आणि त्या ढगळ सूटच्या मानेतून पाणी आत शिरलं. कण्यावरून कुणी सुरी उलटी फिरवावी तसं ते खाली गेलं. बोटीतला माणूस म्हणाला, "ऑल राइट?" मी म्हणालो, "ग्रँड." ग्रँड म्हणजे ठीक, बरं; तीन वर्षांत हा एक शब्द मी पक्का शिकलो होतो.

मग त्याने सोडलं.

मी सांगतो तेवढं खरं मानू नका, कारण मला सगळं आठवत नाही. तोंड उघडलं. हात तोंडावर ठेवायचा हे आठवलं, पण हात कुठे होता ते सापडेना. श्वास आत जात होता, आत जात होता, बाहेर यायचा विसरला होता. समुद्राच्या भरतीचं पाणी, खारट होतं आणि डिझेलसारखं लागलं. धरणाचं पाणी मातीचं लागायचं. एवढं मात्र स्वच्छ आठवतं, की मला चवीतला फरक कळला आणि तरीही मी आठवीत होतो. जॅकेटने मला वर धरलेलं होतं, बुडायची काही सोयच नव्हती, पण हे पायांना कोण सांगणार. मी हातपाय मारले. 'हेल्प' ओरडलो नाही. मी ओरडलो, "आई!"

दोरी आली. माझ्या छातीवरच पडली, पिवळीधमक. माझी बोटं तिच्यावरून घसरत होती, मिटतच नव्हती. काठावरून सार्जंटचा आवाज, "दोरी धरत नाही तो! आता काय? आता काय करणार तू?" तो तिला विचारत होता. मग पाण्यात काहीतरी धपकन आलं, आणि माझ्यासमोर हेल्मेट दिसलं, आणि ठिपके, आणि मी दोन्ही हातांनी तिची मान धरली.

शब्द दिला होता मी तिला.

ती खाली गेली. हेल्मेट पाण्याखाली गेलेलं मी बघितलं आणि तरी माझे हात सुटेनात. मग पोटात गुडघा बसला, कळवळून हात सुटले, आणि कुणीतरी मला मागून काखेत हात घालून उताणं केलं. वर आकाश. कानाशी तिचा श्वास, माझ्याइतकाच तुटलेला. ती म्हणत होती, "यू आर ग्रँड, यू आर ग्रँड, आय हॅव यू." आणि मला त्या क्षणी डॉक्टरबाई आठवल्या. मी मोजायला लागलो. मोठ्याने. एक, दोन, तीन, चार. ती म्हणाली, "गुड, जे काय बोलतोयस ते बोलत राहा." अकरा, बारा. तेवीस. सदतीसला माझी टाच सिमेंटला लागली.

काठावर टाळ्या वाजत होत्या.

"देवा रे!" एक गार्ड म्हणाला. "काय केलंस तू! हा गडी तर नाटकात पाहिजे!" दुसरा माझं "आई, आई" करून दाखवायला लागला, आणि सगळे हसले. सार्जंटने माझ्याभोवती चांदीसारखा चकचकीत कागद गुंडाळला आणि म्हणाला, "इतक्या वर्षांत असा बुडणारा मिळाला नाही मला. हुबेहूब!" मीही हसलो. दात वाजत होते, त्यातूनच हसलो. आणखी काय करणार?

ती हसली नाही. तिने कपात सूप आणून माझ्या हातात धरवलं. माझंच सूप, सकाळी मीच फोडणी दिलेलं. मग माझ्याशेजारी उकिडवी बसली आणि हळूच म्हणाली, "तुझी छाती माझ्या हाताखाली होती, ते धडधडणं नाटकातलं नव्हतं. तुला पोहता येत नाही."

मी सूपचा मोठा घोट घेतला.

"मग फॉर्मवर?"

"प्लीज," मी म्हणालो. "कार्ड."

"कसलं कार्ड?"

मी सांगितलं. माझ्या तुटक्या इंग्रजीत, मंगळवार, शिक्का, मुलगी, आणि पुण्याचा हवालदारसुद्धा मध्येच आला. तिच्या भुवया आधी आक्रसल्या, मग एकदम सरळ झाल्या. "म्हणजे तुला वाटलं की नाही म्हटलंस तर..." तिने वाक्य पुरं केलं नाही. ओला हात माझ्या खांद्यावर ठेवला. "मला सार्जंटला सांगावं लागेल. रागावू नकोस. उद्या तुझ्यासारखाच दुसरा कुणी त्या खुणेवर हो करेल, आणि त्याचं जॅकेट नीट बांधलेलं नसेल."

ती पास झाली होती. मी तिचं अभिनंदनही केलं नाही. माझ्या डोक्यात एकच होतं: आता मी पोलिसांच्या कागदावर खोटं लिहिलेला माणूस आहे.

रविवार आणि सोमवार मी तंदूरसमोर उभा होतो, आणि मला ऊब येत नव्हती. नान दोनदा करपवले. पाजी म्हणाले, "पोलिसवालों ने क्या कर दिया तुझे?" मी म्हणालो, "कुछ नहीं, हीरो बना दिया." ट्रली गावात एका ओळखीच्याच्या रेस्टॉरंटात जागा होती, तिथे आधी विचारून ठेवावं का, असंही मनात आलं. पण कार्डच नसलं तर ट्रली काय आणि वॉटरफोर्ड काय. मी बॅगेतली कागदपत्रं काढून पुन्हा लावली, पुन्हा काढली. मुलीचा सहामाहीचा निकाल पण त्या फाइलमध्ये होता. तो मी का ठेवला होता कोण जाणे. दाखवायला असावा.

मंगळवारी खिडकीमागे तोच बसला होता. त्याने पासपोर्ट घेतला, परमिटचं पत्र बघितलं, कॉम्प्युटरवर काही टाइप केलं. मग म्हणाला, "बोट." काचेवर बोट ठेवलं. मशीनने घेतलं नाही. वीस वर्षं तंदूरमध्ये हात घालणाऱ्याची बोटं, त्यांवर रेषा कमी आणि डाग जास्त. दरवर्षीच त्रास देतात. पण त्या दिवशी मला वाटलं मशीनलासुद्धा कळलंय. "पुन्हा." पुन्हा नाही. "पुसून बघ." तिसऱ्यांदा लागलं.

मग त्याने खुर्ची मागे सरकवली आणि म्हणाला, "शनिवारचं सांगितलं तिने मला."

मी पुसलेलं बोट पुन्हा पुसायला लागलो.

"फॉर्म वाचला मी," तो म्हणाला, "तुझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. बघितलं असतं तर कळलं असतं. चूक माझी. सॉरी."

पोलिसाने सॉरी म्हणण्याचा माझ्या आयुष्यातला तो पहिला प्रसंग, आणि खरं सांगतो, मी जास्तच घाबरलो. आपल्याकडे साहेब इतका गोड बोलायला लागला की पुढचं वाक्य वाईट असतं. पुढचं वाक्य आलंच. त्याचा एक हात माझ्या पासपोर्टवर होता, उघड्या पानावर, शिक्का अजून शाईच्या डबीतच. तो म्हणाला, "ऑक्टोबरात दुसरी तुकडी आहे. त्यांनाही बुडणारा माणूस लागेल. येशील?"

मी शिक्क्याकडे बघितलं. त्याच्याकडे बघितलं. तो हसत नव्हता, रागावलेला नव्हता, नुसता थांबला होता. त्या पहिल्या शनिवारी काठावर घड्याळ बघत थांबला होता तसा. माझ्या तोंडात 'येस सर' तयार होतं. ते नेहमीच तयार असतं, आधीच भाजून ठेवलेल्या पापडासारखं. मी तोंड मिटलं. मनात मोजायला लागलो. किती मोजले आठवत नाही. साठ नक्कीच नाहीत.

"नो," मी म्हणालो. आवाज फाटका निघाला, म्हणून पुन्हा म्हणालो. "नो, सर. मला पाण्याची भीती वाटते."

"ग्रँड," तो म्हणाला, आणि शिक्का मारला.

दोन्ही गोष्टी एकाच दमात. त्याला त्यात काही विशेष वाटलंच नाही. शाई वाळावी म्हणून त्याने पानावर फुंकर घातली, पासपोर्ट काचेखालून सरकवला आणि विचारलं, "सूपचं तरी जमेल ना?"

"सूप, येस," मी म्हणालो. "सूप कितीही."

बाहेर आलो आणि स्टेशनच्या पायरीवर बसलो. रस्त्याने जाणाऱ्या एका म्हातारीने विचारलं, "बाळा, ठीक आहेस ना?" तिला वाटलं असेल आत काहीतरी वाईट झालं. मी डॉक्टरबाईंना फोन लावला. त्या राउंडवर होत्या, कुजबुजत म्हणाल्या, "काय झालं?" मी म्हणालो, "नाही म्हणालो." "कोणाला?" "पोलिसांना." त्या म्हणाल्या, "आणि शिक्का?" "मारला." "मग रडून काय राहिले?" मी रडतोय हे मला त्यांच्याकडून कळलं.

बायकोला यातलं काही मी अजून सांगितलेलं नाही. नारळ फुटला, तिच्या लेखी काम भैरोबाने केलं. तेही असू दे.

ऑक्टोबरात मी पातेलं घेऊन गेलो. पाण्यापासून दहा पावलं लांब टेबल मांडलं, त्याच्या पलीकडे गेलो नाही. घरी जाताना आजही मी नदीच्या बाजूच्या फुटपाथने चालत नाही, दुकानांच्या बाजूने जातो. नव्या तुकडीतले सहाजण पाण्यात हुडहुडत होते, आणि त्यांना शिकवायला सार्जंटबरोबर ती ठिपकेवाली गार्ड उभी होती. तिने मला बघितलं, हात वर केला आणि तिथूनच ओरडली, "अरे, बुडायला एक माणूस कमी आहे! येतोस?"

"नो!" मी ओरडलो.

पाण्यातले नवे गार्ड दचकून बघायला लागले. ती हसत हसत वर आली, हेल्मेट काढलं आणि कप पुढे केला. मी तिच्या कपात सगळ्यांच्या आधी सूप ओतलं, तळातून ढवळून, डाळ जास्त येईल असं.